खिरडीचा काळा करकोचा

“तंबूत संडास!” बाबा दारातच थांबले आणि खो खो हसायला लागले. “अगं शैला, आम्ही इथं यायचो तेव्हा टमरेल घेऊन बाभळीमागं जायचो. आणि आता म्हणे कमोड!”

“आत या. पायरी आहे,” मी हळूच म्हटलं.

“दिसतेय मला पायरी.”

पायरी त्यांना खरंच दिसत होती. त्या आजाराची तीच तर गंमत. गंमत कसली डोंबलाची! डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, कडेचा तेवढा शाबूत. त्यामुळे चालताना अडखळायचे नाहीत, जेवताना सांडायचे नाहीत, रस्तासुद्धा एकटे ओलांडायचे. पण ज्याच्याकडे सरळ बघावं ते नेमकं गायब. माझ्या चपला दिसायच्या, माझा चेहरा दिसायचा नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. हे मला ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला आणि बाबांना. चौथ्या कुणाला कळता कामा नये, असं बाबांनी आम्हाला बजावलं होतं.

खिरडी म्हणजे धरणाच्या फुगवट्यामागचा उथळ भाग. पाणी ओसरलं की गाळ, शेवाळ, बेटं, आणि हिवाळ्यात पक्षीच पक्षी. बाबा तालुक्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. कागदावरचं बदक काढून पोरं कंटाळली म्हणून त्यांनी एका हिवाळ्यात वर्गच्या वर्ग एसटीनं खिरडीला नेला, तेव्हापासून खडकेसर म्हटलं की खिरडी, असं समीकरण झालं. पुढे वनखात्यानं ती राखीव केली, पाट्या लावल्या, आणि मग तिथल्याच भोईट्यांनी काठावरच्या आपल्या जमिनीत हे सफारी तंबू उभे केले. खाकी कापड, आत पलंग, बाहेर वेताच्या खुर्च्या. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या लागायच्या.

त्या भोईट्यांचाच फोन आला होता. “सर, सीझनभर इथंच राहा. एक तंबू तुमचा. सकाळी पाहुण्यांना होडीतून फिरवायचं, संध्याकाळी चार गोष्टी सांगायच्या. यंदाची पक्षीगणती तुमच्या हाताखाली होऊ द्या, पुण्याचे लोक येणारेत, त्यांच्यादेखत जाहीर करून टाकतो.”

आई गेल्यापासून बाबा आमच्या फ्लॅटमध्ये होते. माझा नवरा भला माणूस, पण टीव्ही मोठ्यानं लावायचा. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढीसुद्धा मी मागे लागेन तेव्हाच. आणि त्या फोननंतर हा माणूस उठला, गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला आणि म्हणाला, “मला तिथं जायचंय शैला. मरायला नाही, राहायला.”

“आणि डोळे?”

“कान आहेत की. खिरडीत कुठल्या बेटावर कोण बसतं हे मला झोपेत विचार. गणतीपुरती तू शेजारी बस, कुजबुज कर. पुढचं माझं मी बघतो. पाहुण्यांना काय गं, साधं हळदीकुंकू बदक दाखवलं तरी धन्य होतात.”

फसवणूक म्हणा. खुशाल म्हणा. मला आजही त्याचं काही वाटत नाही. ज्या माणसानं ती जागा लोकांना दाखवली, त्याला तिच्या काठावर एक खाट मिळावी, यात मी कुणाचं काय लुटत होते?

आम्ही पोचलो त्या दुपारीच हेमंत आला. हेमंत शिंगटे, बाबांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. घरची ओढाताण, त्यामुळे दहावीपर्यंत निम्मं जेवण आमच्याकडे. आई त्याच्या ताटात वाढताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, इतकी त्याच्यावर माया. पहिली दुर्बीण त्याला बाबांनी दिली, स्वतःची. आता तो चाळिशीला आला होता, कुठल्या कुठल्या शाळेत तात्पुरता म्हणून राबत होता, कायम काही कोणी करत नव्हतं. भोईट्यांच्या कॅम्पवर तो शनिवार-रविवार मदतीला यायचा.

तो आला आणि तंबूसमोर काही न बोलता उभा राहिला. हसत. बाबा खुर्चीत बसले होते, त्याच्याकडे तोंड करून. दोघांच्या मधे हातभर अंतर. मी आतून टॉवेल घेऊन येत होते.

“शैला, कुणी आलंय का गं?” बाबांनी विचारलं.

“मी आहे सर. हेमंत.”

“अरे गाढवा! मग बोलत का नाहीस?” बाबांचा चेहरा फुलला. त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो पाया पडला. मला वाटलं, गंमत करत असेल. माझी मेलीची अक्कल!

संध्याकाळी स्वयंपाकाच्या तंबूपाशी मी गरम पाणी मागायला गेले, तर हा मागून आला. “ताई, सरांच्या डोळ्यांना काही झालंय का?”

“चष्म्याचा नंबर बदललाय.”

“तेवढंच?”

“वय नाही का झालं त्यांचं? तुझं बघ की, तुलाही लागेल आता.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. तोंडावर एक रेघ हलली नाही.

रात्री जेवताना भोईटे स्वतः वाढत होते. पिठलं, भाकरी, ठेचा. पुण्याचं एक जोडपं बोटं चाटत खात होतं. दोघांच्या शेजारी खुर्चीवर एकेक भलामोठा कॅमेरा, जणू तोही जेवायला बसलाय. बाबा रंगात आले होते. पूर्वी पोरांना घेऊन यायचे तेव्हा एका पोराला बगळा ओळखता येईना म्हणून त्यालाच बगळ्यासारखं एका पायावर उभं केलं, ही गोष्ट त्यांनी साभिनय सांगितली. भोईटे हसून हसून लाल झाले. म्हणाले, “सर, हे असं रोज पाहिजे इथं. उद्या होडीतून परत आलो की सांगून टाकतो सगळ्यांना.”

मी हेमंतकडे बघितलं. तो भाकरीचा तुकडा मोडत होता, मोडतच होता.

सकाळी धुकं विरळ झाल्यावर आम्ही काठावर गेलो. होडी लांबट, लाकडी. इंजिन लावलं तर पक्षी उठतात म्हणून बांबूनं ढकलायची. गणतीची रीत बाबांनीच घालून दिलेली होती. होडीतल्या कुणीही पक्षी दाखवायचा, नाव सांगायचं. मग होडीचा प्रमुख म्हणणार, “धरा.” तो ‘धरा’ म्हणाला की नोंद व्हायची. नाही म्हणाला तर नाही, मग सांगणारा कलेक्टर असो.

मी बाबांच्या शेजारी बसायला निघाले, तर हेमंत म्हणाला, “ताई, तुम्ही मागं बसा. पुढं वजन जातंय.”

“ती माझ्याजवळ बसेल,” बाबा म्हणाले.

“सर, भोईटेसाहेब पुढं आहेत, कॅमेरे आहेत. होडी डुलायला लागली तर पक्षी उठतील.”

पक्षी उठतील म्हटल्यावर बाबांपुढे दुसरा युक्तिवादच नाही. “बस मागं शैला. काही होत नाही.”

मी मागे गेले. होडीवाल्याच्या पायापाशी. आमच्या मधे पुण्याचं जोडपं आणि त्यांचे ते कॅमेरे.

आणि खरं सांगते, काही झालंही नाही. उलट बाबांनी कमाल केली. पाण्यावर अजून काही दिसतही नव्हतं तेव्हा त्यांनी हात वर केला. “चक्रवाक. डाव्या हाताला. जोडी असेल.” होडी वळली आणि गाळावर केशरी जोडी उभी. पुण्याच्या बाई म्हणाल्या, “अय्या सर, तुम्ही न बघता?”

“बघायचं काय त्यात? ओरडतोय की तो.”

मग पट्टकदंब आले डोक्यावरून, तेही त्यांनी आवाजावरून सांगितले. बेटाजवळ गेलो तसे म्हणाले, “इथं चपट्या चोचीचे चमचे असतील, आणि त्यांच्या मागं चित्रबलाक.” होतेच. थापटे, तलवार बदकं, शेकाटे. कुणी ना कुणी दाखवायचं, बाबा दुर्बीण उचलायचे, “धरा”. भोईटे माझ्याकडे वळून कौतुकानं मान हलवत होते. माझा जीव भांड्यात पडला. मनात तंबू लावूनसुद्धा झाला माझा. बाबांची उशी कुठे, गोळ्यांचा डबा कुठे, घरी जाताना त्यांना गरम बनियन कुठून घेऊन द्यायचं.

होडी एका वळणावर आली आणि हेमंत एकदम उठून उभा राहिला.

“सर! समोर उंचवट्यावर, बाभळीच्या डाव्या बाजूला. काळा करकोचा!”

सगळे सावध झाले. खिरडीला काळा करकोचा कधी आलेला नव्हता. कॅमेरे वर झाले. मीही बघितलं. उंचवटा होता, बाभूळ होती, बाभळीखाली एक गायबगळा ऊन खात बसला होता. बाकी काही नाही. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. मी बाबांना हाक मारायला तोंड उघडलं.

तोवर बाबांनी दुर्बीण लावली होती. अगदी बाभळीच्या डाव्या बाजूला. चेहऱ्यावर असं काही हसू, आई जिवंत असतानाचं.

“धरा!” ते म्हणाले.

पुण्याचे गृहस्थ कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणाले, “कुठाय पण? मला तर दिसत नाहीये.”

“नाहीच आहे तिथं काही,” हेमंत म्हणाला. तो अजून उभाच होता. आवाज अगदी मऊ. “माफ करा सर. पण कुणीतरी हे करायलाच पाहिजे होतं. सरांना दिसत नाही, साहेब. मला काल दुपारीच कळलं. उद्या हे पाहुण्यांना घेऊन एकटे पाण्यावर जाणार, काही बरंवाईट झालं म्हणजे? सरांच्या भल्यासाठीच सांगतोय मी.”

भोईट्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुण्याच्या बाई कॅमेऱ्याचं झाकण लावायला लागल्या. बाबांनी दुर्बीण खाली घेतली, शर्टाच्या टोकानं तिच्या काचा पुसल्या.

“पुढं घ्या,” ते होडीवाल्याला म्हणाले. “शराट्या राहिल्यात अजून.”

होडी पुढे गेली. शराट्या दिसल्या, वाकड्या चोचींनी गाळ उपसणाऱ्या. पुण्याच्या गृहस्थांनी हळूच सांगितलं, “शराटी, पाच-सहा.” बाबा गप्प. सगळे वाट बघत राहिले. मग हेमंत म्हणाला, “धरा.” त्यानंतर काठाला लागेपर्यंत तोच म्हणत राहिला.

काठावर उतरल्यावर भोईटे बाबांचा हात धरून तंबूपर्यंत आले. आदल्या दिवशी कुणी हात धरला नव्हता. “सर, तुम्ही आमचे आहात. कधीही या, हक्कानं या, राहा दोन दिवस. कॅम्प तुमचाच आहे.”

“हो, हो,” बाबा म्हणाले. दोन दिवस या, म्हणजे काय ते त्यांना कळलं होतं.

मी तशीच हेमंतला गाठलं. तो होडीतल्या गाद्या उन्हात टाकत होता. “माझ्या आईच्या हातचं खाल्लंस रे. लाज नाही वाटली?”

“ताई, मी खोटं काय बोललो? दिसतंय का सरांना?”

“नाही.”

“मग?”

“मला विचारायचंस. त्यांना विचारायचंस. एकटं गाठून विचारलं असतंस तर त्यांनी तुझ्यापासून लपवलं असतं का?”

“तुम्हाला विचारलं की काल. चष्म्याचा नंबर म्हणालात.”

मी भडकलेलीच होते, आणखी भडकले. “तुला ही जागा पाहिजे होती. सरळ सांग की!”

त्यानं गादी झटकली. “पाहिजेच होती. इतकी वर्षं मी शनिवार-रविवार इथं राबतोय, मला कुणी विचारलं? सर नुसते फोनवर हो म्हणाले आणि झालं? मलाही दोन पोरं आहेत, ताई.”

यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच तर त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता.

तंबूत आले तर बाबा बॅग भरून बसले होते. शर्ट सगळे उलटसुलट कोंबलेले. मी काढून घड्या घालायला लागले आणि माझा बांध फुटला. “बाबा, हो का म्हणालात? नीट दिसत नाहीये म्हणायचं, ऊन डोळ्यावर येतंय म्हणायचं! काय वाट्टेल ते म्हणायचं!”

“चल,” ते म्हणाले. “ऊन व्हायच्या आत निघू.”

गाडीपाशी हेमंत आला. मला वाटलं नव्हतं येईल, पण आला. वाकून पाया पडला. “सर, राग धरू नका.”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमी ठेवायचे तसाच. “राग नाही रे. एक सांगू का तुला? मला काही दिसलं नव्हतं. बाभूळसुद्धा नाही.”

हेमंत तसाच वाकलेला.

“मला दिसायची गरजच वाटली नाही,” बाबा म्हणाले. “दुर्बीण आपली सवयीनं लावली. तू करकोचा म्हणालास, म्हणजे करकोचा. तू शाळेत होतास तेव्हापासून तुझा एक पक्षी मी नाकारलेला नाही, आठवून बघ. दुसरा कुणी काळा करकोचा म्हणाला असता तर होडी थांबवली असती, चोच विचारली असती, पाय विचारले असते. तुला काय विचारायचं?”

हेमंत उभा राहिला.

“आणि खरं सांगतो, मी जन्मात काळा करकोचा बघितलेला नाही. आता बघणारही नाही. मनात आलं, चला, आपल्याला नाही तर नाही, आपल्या पोराला दिसला. इतका आनंद झाला मला.” त्यांनी गाडीच्या दाराची मूठ चाचपली. “नजर तुझी चांगली आहे. भोईट्यांना मी सांगितलंय, तुलाच घ्या म्हणून.”

ते गाडीत बसले. मी दार लावलं. हेमंत तोंड दुसरीकडे करून उभा होता, रडत असेल. रडू दे, म्हटलं मनात. सोलापूरला घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, आणि नवरा टीव्ही लावायला उठला तेव्हा मी त्याच्यावर अशी ओरडले की बिचारा चप्पल घालून खाली निघून गेला.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. तब्येतीनं ठणठणीत. खिडकीवर पारवे यायचे, बुलबुल यायचा, आमची पोरगी विचारायची, “आजोबा, हा कोण ओरडतोय?” ते म्हणायचे, “असेल कुणी.” खिरडीचा कॅम्प मोठा झाला, तंबू वाढले, हेमंत तिथला प्रमुख झाला, पेपरात त्याचा फोटोही आला. दिवाळीला त्याचा फोन यायचा. मी “बरे आहेत” म्हणायची आणि ठेवून द्यायची.

एका हिवाळ्यात त्याचा अवेळी फोन आला, भर सकाळी. धापा टाकत होता. “ताई, सरांना सांगा. काळा करकोचा आलाय. खरंच आलाय, शपथेवर सांगतो, त्याच उंचवट्यावर. लाल चोच, लाल पाय, पोट पांढरं. मी आत्ता समोर बघतोय. ताई, सरांना सांगा ना. द्या ना त्यांना फोन.”

त्याचा आवाज अगदी शाळेतल्या पोरासारखा झाला होता. मी फोन तसाच हातात घेऊन गॅलरीत गेले. बाबा खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते.

“बाबा, खिरडीला काळा करकोचा आलाय म्हणे. आत्ता.”

ते खुर्चीत सरळ झाले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं बसलेलं बघत होते.

“कोण म्हणतंय?”

“हेमंत.”

त्यांनी हात खुर्चीच्या हातांवरून काढून घेतले. मग हळूहळू मागे टेकले.

“दुसऱ्या कुणी बघितलाय का?”

“ते नाही सांगितलं त्यानं.”

“मग राहू दे,” बाबा म्हणाले आणि शाल वर ओढून घेतली.

फोन माझ्या हातात चालूच होता. हेमंतनं सगळं ऐकलं असणार. त्यानं ऐकावं म्हणूनच मी तो बंद केला नव्हता.